दारापासून सडकेपर्यंत चाळीस फूट

कळंबला मी घर घेतलं तेव्हा आईनं दिशा पाहिली, मी विहिरीचं पाणी चाखून पाहिलं आणि कागद करणाऱ्या वकिलांनी चतुःसीमा पाहिल्या. माती कुणीच पाहिली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्याआधी मी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. नर्सिंग शिकले हैदराबादेत, निजामाच्या अखेरच्या वर्षांत. लग्न केलं नाही. पुढे नोकरीचा कंटाळा आला असं नाही, पण स्वतःच्या हातानं स्वतःचं काहीतरी उभं करावं असं फार वाटायला लागलं. कळंबची पेठ मोठी, आसपास खेडी पुष्कळ, आणि एखादी बाई बाळंतपणात अडली तर तिला थेट बार्शीला नाहीतर धाराशिवला न्यावं लागायचं. म्हणून कळंब निवडलं. गावाच्या कडेला, सडकेपासून थोडं आत, तीन खोल्यांचं घर मिळालं. दोन खोल्यांत मी चार खाटा टाकल्या, तिसरीत आई आणि मी राहायला लागलो. पाटी लावली नाही. लोक ‘नर्सबाईचं घर’ म्हणायचे आणि तेवढ्यावर भागायचं.

घराचं दार आणि सडक यांच्यामध्ये चाळीस फूट मोकळी जागा होती. ती सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की आईची किल्ली त्यात पडली ती पुन्हा दिसली नाही. पावसाळ्यात तीच माती चपलेला धरून ठेवायची. पाय वर यायचा, चप्पल खालीच राहायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, मी अनवाणी चालायची. पण माझ्याकडे येणाऱ्या बायका बैलगाडीतून यायच्या.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात एक गाडी आली. मांजरा नदीच्या काठच्या एका खेड्यातून निघालेली, आत एक पहिलटकरीण, तिची सासू आणि गाडी हाकायला दीर. सडकेवरून गाडी ठीक आली. आमच्या आवारात वळली आणि पंधराएक पावलांवर डावं चाक आसापर्यंत रुतलं. सकाळचे दहा वाजले असतील. दिरानं बैलांना आवाज दिला, शेपट्या पिरगाळल्या, बैल गुडघ्यावर आले, गाडी हलली नाही. मी दारातून पाहत होते. म्हटलं, तिला उतरवून चालत आणू. गाडीजवळ गेले आणि पाहिलं तर चालत आणण्याची वेळ निघून गेली होती.

मग मी गाडीतच चढले. आईनं घरातून उकळलेलं पाणी, कात्री, धागा, धुतलेली लुगडी असं एकेक करून आणलं. प्रत्येक खेपेला तिचे पाय पोटरीपर्यंत भरायचे. वरून भुरभुर पाऊस होता. सासूनं दोन्ही हातांनी घोंगडं धरून ठेवलं होतं. दीर बैल सोडून सडकेवर पाठ करून उभा राहिला. अर्ध्या तासात मुलगी झाली, चांगली रडली, आई सुखरूप. सगळं झाल्यावर सासूनं घोंगडं खाली घेतलं, आजूबाजूचा चिखल पाहिला आणि शांतपणे म्हणाली, “बाई, तुमच्या दवाखान्यात आलो म्हणायचं का वाटंत म्हणायचं?”

मी हसले, पण ते मला लागलं. दवाखान्यात आणलेली बाई दारापुढे अडते आणि त्याचं कारण माझी जागा. या वेळी सगळं नीट झालं होतं. पुढच्या वेळी रक्तस्राव सुरू असलेली बाई असेल, तर?

पाऊस उघडल्यावर मी चौकशीला लागले. मोंढ्यात एका अडत व्यापाऱ्यानं दुकानापुढे सिमेंट काँक्रीटचा ओटा केला होता, पोती उतरवायला. नवीन गोष्ट होती, लोक जाता-येता त्यावर पाय आपटून बघायचे. मीही बघितला. म्हटलं, असंच दारापासून सडकेपर्यंत करून घ्यावं, गाडी थेट पायरीला लागावी. व्यापाऱ्यांना खर्च विचारला तर म्हणाले, “बाई, माझ्या ओट्याचं तुमाला काय कामाचं? तुमची जागा बघून सांगंल तो दर खरा.” मला वाटलं सांगायचं नाही म्हणून टाळतायत. ते खरंच सांगत होते हे नंतर कळलं.

जागा बघायला पहिल्यांदा आले ते धाराशिवचे एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार. इस्त्रीचे कपडे, हातात छत्री. ते सडकेवरच उभे राहिले, आत चिखलात आलेच नाहीत. छत्रीचं टोक दाराकडे करून म्हणाले, “तिथपर्यंत ना? चाळीस बाय दहा धरा. नऊशे रुपये होतील. सगळं आमच्याकडं. तुम्ही फक्त घरात बसायचं.” नऊशे रुपये म्हणजे माझ्या नोकरीतल्या पाच-सहा महिन्यांच्या पगारांची बेरीज. मी आईकडे पाहिलं. आईनं घरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, म्हणजे तिला दर पटला नव्हता.

दुसरे आले आमच्याच गावातले एक मिस्त्री. वय साठीच्या पुढे, मेंदी लावलेली दाढी, दखनी वळणाची मराठी. निजामाच्या काळात त्यांनी कचेऱ्या बांधल्या होत्या, चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आत आले, चपला हातात घेऊन सगळीकडं फिरले, दोन ठिकाणी टाच रुतवून बघितली आणि म्हणाले, “पाचशेच्या पुढं जाईल बाई. नक्की आता सांगत न्हाय.” नक्की का सांगत नाही, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

तिसरा माणूस आपणहून आला. जवळच कुठंतरी ओढ्यावर मोरीचं सरकारी काम चालू होतं, त्यावर तो मुकादम होता. म्हणाला, “बाई, पावणेदोनशेत करून देतो. दोन दिवसांत. सिमेंटची चिंता तुमी करू नका.”

नऊशे, पाचशे आणि पावणेदोनशे. जागा तीच, लांबी तीच. दवाखान्यात एकाच रोग्याला तीन डॉक्टरांनी तीन औषधं सांगितलेली मी पाहिली होती, पण इतका फरक कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर माझं मन पावणेदोनशेवर बसलं होतं. तेवढे माझ्याजवळ होते. मी मुकादमाला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

त्याच आठवड्यात एक वडारीण तिच्या सुनेला दाखवायला घेऊन आली. सुनेला तिसरा महिना होता. ही सासू आणि तिचा नवरा सडकेच्या कामावर खडी फोडायचे. सुनेची नाडी बघताना मला सासूचे हात दिसले, तळव्यावर कातडं नव्हतं, नुसती ढाल होती. सून आत तपासणीला असताना ती बाहेर बसून आईशी बोलत होती. आईनं तिला तीन दर सांगून टाकले. आईला कुणाशीही बोलताना संकोच नसायचा.

मी बाहेर आले तर ती आवाराच्या मधोमध उकिडवी बसलेली. माती बोटांत चुरत होती.

“बाई, पहार हाय का घरात?” तिनं विचारलं.

पहार नव्हती, कुदळ होती. तिनं पदर खोचला आणि खोदायला सुरुवात केली. मी “मावशी, राहू द्या” म्हणेपर्यंत हातभर खड्डा झाला होता. काळीच माती. अजून वीतभर खाली गेली तेव्हा कुदळीचा आवाज बदलला आणि पिवळट मुरूम वर आला.

“हे बघा,” ती म्हणाली, “दीड हात काळं हाय. हे पाणी पिऊन फुगतंय आन् उन्हात आवळतंय. ह्याच्यावर तुमी चांदीचा पत्रा टाकला तरी न्हाय टिकायचा. त्यो पावनेदोनशेवाला काळं काढनार हाय का?”

“तसं तो काही बोलला नाही.”

“मग न्हाय काढनार. वरनं दोन बोटं माल पसरंल, घोटून गुळगुळीत करंल. तुमाला आरशावानी दिसंल. चैतात त्याला ह्याच भेगा पडतेल. आन् बाई, त्यो सिमिट कुठनं आननार हाय, इचारलं का?”

मी विचारलं नव्हतं. तिनं ओढ्याच्या दिशेनं हनुवटी उडवली. मला कळायचं ते कळलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मोरीच्या सिमेंटमधून माझं आवार होणार होतं, आणि तेवढी मोरी कच्ची राहणार होती. उद्या त्याच मोरीवरून गाड्या माझ्याकडे येणार. मुकादम आला तेव्हा मी त्याला दारातूनच नको म्हटलं. तो आल्या पावली ओढ्याकडे गेला.

मग मी स्वतः मिस्त्रींच्या घरी गेले. ते ओसरीवर थापीची मूठ बसवत होते. मी म्हटलं, “मिस्त्री, काळी माती दीड हात आहे. खाली मुरूम लागतो. आता नक्की सांगाल का?”

त्यांनी थापी खाली ठेवली. “कुनी खोदलं?”

मी सांगितलं. ते हसले. “ती बाई माझ्यापेक्षा जास्त जमीन जानती. बसा. आता हिसाब सांगतो.”

त्या दुपारी मला जे कळलं ते आजही लक्षात आहे, कारण इतकं नीट मला कुणी समजावलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, काँक्रीटचा दर लांबी-रुंदीवर ठरत नाही. पहिली गोष्ट, खाली काय आहे. माळरानावर घर असतं तर खोदाईच नको, खर्च अर्ध्यावर आला असता. दुसरी, त्यावरून काय जाणार. माणसं चालणार असतील तर तीन इंच पुरे, भरलेली गाडी जाणार तर चार, मालट्रक जाणार तर सहा. एकेका इंचानं सिमेंटची पोती वाढत जातात. तिसरी, मालात सिमेंट किती. सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार, असा एकास दोनास चार म्हणजे चांगला माल, एकास तीनास सहा म्हणजे जरा हलका. वरून दोन्ही सारखेच दिसतात. चौथी, खडी आणि वाळू कुठून येते. “तुमचं नशीब चांगलं, मांजरा जवळ हाय. हेच घर तुळजापूरच्या बाजूला असतं तर वाळूची गाडीच महाग पडली असती.” आणि शेवटची गोष्ट, काम सांगणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये किती माणसं आहेत. गुत्तेदार काम घेणार, ते खाली दुसऱ्याला देणार, तो मजूर आणणार. “नऊशे काही लूट न्हाय बाई. ते सगळं बरोबर करतील, काळं काढतील, सहा इंच टाकतील. पन तुमच्या दारात मालट्रक येनार हाय का?”

“नाही,” मी म्हटलं. “पण बाळंतिणीची गाडी येणार. आणि कधीमधी सरकारी जीप.”

“मग चार इंच. पन सिमेंटचं परमिट तुमी काढा. ते माझ्या हातात न्हाय.”

पूर्ण आवारासाठी बावीस-तेवीस पोती लागणार होती. मी तहसील कचेरीत अर्जी दिली. तिथले कारकून तरुण होते, कामाला चोख. त्यांनी अर्ज वाचून विचारलं, “मोटार आहे का तुमच्याकडं?”

“नाही.”

“मग मोटारीसाठी रस्ता कशाला?”

मी त्यांना भाद्रपदातली गोष्ट सांगितली. सगळी नाही, सांगण्यासारखी तेवढी. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी अर्जावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, “मी वर पाठवतो. पण इतकी पोती मिळणं अवघड आहे. शाळेचं काम चालू आहे, विहिरींची कामं चालू आहेत.” मला ते पटलं. माझ्यापेक्षा शाळा मोठीच.

दीड महिन्यानं मंजुरी आली. दहा पोती.

कागद घेऊन मी मिस्त्रींकडे गेले तेव्हा माझा चेहरा उतरलेला असणार. दहा पोत्यांत अर्धंसुद्धा आवार होणार नव्हतं. मिस्त्रींनी कागद दोनदा वाचून घेतला, आपल्या मुलाकडून, कारण त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. मग दाढी कुरवाळत पोत्यांचा हिशेब मांडला. शेवटी म्हणाले, “बाई, गाडी चालती कशावर?”

“चाकांवर.”

“किती चाकं?”

“दोन.”

“मग मधली जागा पक्की कशाला करायची? दोन पट्टे टाकू. दोन-दोन फूट रुंद. मधी मुरूम आन् खडी ठोकून बसवू. बैलाचा पाय काँक्रीटवर घसरतोच, त्याला मधलीच वाट बरी. दहा पोती बरोबर पुरतात.”

मला ते फार सोपं आणि फार शहाणपणाचं वाटलं. आईनं मात्र शंका काढली. घरी आल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, “हे त्यांना आधी नाही का सुचलं?” मी म्हटलं, “आधी पोती कमी नव्हती ना.”

आता प्रश्न उरला दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा. मिस्त्री म्हणाले, गाड्या सगळ्या एका मापाच्या नसतात. सुतारागणिक माप बदलतं. पट्टे जवळ पडले तर एक चाक बाहेर, लांब पडले तर दुसरं आत. तेव्हा आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं बाजारतळावर गेलो. मिस्त्रींच्या हातात सुतळी, माझ्या हातात वही. सोडलेल्या गाड्यांच्या रांगेतून ते एकेका गाडीला सुतळी लावत आणि मी मांडत जाई. पाच-सहा गाड्या झाल्या तशी माणसं गोळा झाली.

एक पटकेवाले आजोबा पुढे आले. “काय मोजताय?”

“चाकं,” मिस्त्री म्हणाले.

“आता गाडीवर बी सरकारी पट्टी बसनार का?”

“न्हाय हो. नर्सबाईच्या दारात वाट करायचीय.”

“माझ्या गाडीची बसंल अशी करा मग,” आजोबा म्हणाले. “सून माझी बी अवघडलीय.” आणि त्यांनी स्वतः सुतळीचं एक टोक धरलं. पुढच्या तासाभरात मोजायला इतके लोक आले की मिस्त्रींना हातच लावावा लागला नाही. कुणाची गाडी रुंद यावरून दोघांची जुंपली, त्यांना पानसुपारी देऊन गप्प करावं लागलं. दुपारपर्यंत माझ्या वहीत तीसेक गाड्यांची मापं होती. सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात रुंद यांच्यात वीतभराचं अंतर. दोन फुटी पट्ट्यात ते सहज बसत होतं, आणि मिस्त्रींच्या अंदाजानं जीपसुद्धा.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. खोदाई त्या खडी फोडणाऱ्या नवरा-बायकोनं घेतली. दीड हात काळी माती काढून त्यांनी मागच्या परसात टाकली, तिथं आईनं पुढे वांगी लावली. खाली मोठे दगड बसवले, त्यावर मुरूम, त्यावर पाणी, त्यावर ठोकायला जड लाकडी धुमस. दोघं समोरासमोर उभं राहून धुमस मारायची. मावशीचा ठेका चुकला की नवरा थांबायचा आणि ती म्हणायची, “मी न्हाय, तुमी चुकलात.” तीन दिवस नुसतं ठोकणं चाललं होतं. माझ्या खोलीतल्या बाळंतिणींना मी विचारलं, त्रास होतो का. एक म्हणाली, “न्हाय बाई, लेकरू त्याच्यावरच झोपतंय.”

माल कालवायच्या दिवशी मिस्त्री पहाटेच आले. सिमेंट स्टेशनवरून बैलगाडीनं आलं होतं. त्यांनी प्रत्येक पोतं हातानं दाबून बघितलं. एकात गाठी निघाल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या. वाळू दोनदा धुवायला लावली. मी घमेली मोजत उभी राहिले, एक, दोन, चार. माल मोजून घेणं मला जमण्यासारखं होतं, औषधं मोजण्यात माझी वर्षं गेली होती. एकदा मजुरानं वाळूचं एक घमेलं जास्त टाकलं, ते मी परत काढायला लावलं. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं आणि मजुराला म्हणाले, “बाईंच्या समोर हिसाब चुकवू नको.”

दर आठ फुटांवर त्यांनी लाकडाची पातळ फळी आडवी ठेवली. मी विचारलं, हे कशाला. म्हणाले, “तडा जानारच. कुठं जायचं ते आपन सांगायचं.” वर घोटून गुळगुळीत करायचं का, असं मजुरानं विचारलं तर मावशी खड्ड्याच्या कडेवरून म्हणाली, “अजाबात न्हाय. अवघडलेली बाई त्याच्यावरून पाय घसरून पडंल.” मिस्त्रींनी खराटा मागवला आणि ओल्या मालावर आडव्या रेघा ओढल्या. घोटाईचे पैसे वाचले ते वेगळेच.

पुढचे चौदा दिवस पाणी. हे काम आईनं घेतलं आणि ते तिच्याकडून कुणालाही मिळालं नाही. पट्ट्यांवर गोणपाट अंथरलं होतं, ते वाळता कामा नये. ती दिवसातून चारदा घागरीनं शिंपायची आणि मधल्या वेळात काठी घेऊन पायरीवर बसायची. शेळ्या, कुत्री, शाळेला जाणारी मुलं, कुणालाही तिनं पाऊल टाकू दिलं नाही. एकदा मी घाईत असताना मलाही वळसा घालायला लावला.

नवव्या दिवशी दुपारी एक गाडी सडकेवर येऊन थांबली. आत बाई कळा देत होती. गाडीवाल्यानं आत वळायला बैल ओढले तशी आई काठी घेऊन मध्ये उभी. मी बाहेर धावले. मला भीती वाटली की आता भांडण होणार. पण आई गाडीवाल्याला म्हणाली, “बाबा, गाडी नको आणू. बाज आणते.” घरातून बाज निघाली. त्या वेळी मिस्त्री काम बघायला आलेले, मावशी आणि तिचा नवरा उरलेली खडी भरत होते, गाडीवाला चौथा. चौघांनी बाज उचलली आणि पट्ट्याच्या बाहेरून, काळ्या मातीतून, आत आणली. माती त्या दिवसांत कोरडी होती, अडचण आली नाही. खोलीच्या दारात बाज टेकवून मिस्त्री पाठमोरे झाले आणि घाम पुसत म्हणाले, “पाच दिवस थांबली असती पोरगी, तर थाटात आली असती.” आतून कळांच्या मधूनच त्या पोरीला हसू आलेलं मी ऐकलं.

सगळा खर्च धरून पावणेतीनशेच्या आत काम झालं. मिस्त्रींनी सांगितलेल्या पाचशेपेक्षा ते इतकं खाली आलं, कारण निम्म्याहून जास्त जागेवर सिमेंट पडलंच नाही, आणि कारण मधल्या माणसांचं काम मी, आई आणि मिस्त्रींनी वाटून घेतलं. मुकादमाच्या दरापेक्षा मात्र शंभरेक रुपये जास्त गेले. ते शंभर रुपये खाली गेले, दगडात आणि मुरमात, आणि कुणाला दिसत नाहीत. मावशीला मी तिच्या सुनेचं बाळंतपण फुकट करीन म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. म्हणाली, “कामाचे पैसे तुमी दिले, तुमच्या कामाचे आमी देऊ.” सून वैशाखात आली, गाडीतून, थेट पायरीपर्यंत. सासूनं उतरताना पट्ट्यावर टाच आपटून पाहिली आणि मगच सुनेला हात दिला.

पहिल्या पावसाळ्यात पाणी पट्ट्यांच्या बाजूनं वाहून गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तडे गेले, पण ते बरोबर त्या फळ्यांच्या रेघांवरच. गाड्या यायच्या नसतील त्या दिवशी आई त्यावर कुरडया वाळत घालायची. म्हणायची, खालून ऊब वरून ऊन, एका दिवसात वाळतात. गाडी आली की सगळं गोळा करायची, गेली की पुन्हा पसरायची. मी तिला कधी अडवलं नाही.

हळूहळू लोक विचारायला यायला लागले. मोंढ्यातले एक व्यापारी आले, त्यांनी मालट्रक घेतला होता. नंतर शाळेचे मुख्याध्यापक आले, त्यांना फक्त सायकली ठेवायला जागा पक्की करायची होती. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा. “नर्सबाई, तुमाला किती पडलं?”

मी त्यांना आकडा सांगायची नाही. आधी मी विचारायची, खाली काय आहे, वरून काय जाणार, वाळू कुठून आणणार. काही जण वैतागायचे. व्यापारी म्हणाले, “सरळ सांगा की बाई.” मी म्हटलं, “आधी हातभर खड्डा घ्या, मग या.” ते गेले आणि चार दिवसांनी खरंच खड्डा घेऊन आले, म्हणजे खड्ड्यातली माती रुमालात बांधून घेऊन आले. खाली मुरूमच होता, वर काळं वीतभरच. मी मिस्त्रींना बोलावणं पाठवलं. ते आले, आईनं चहा ठेवला, आणि मिस्त्री, व्यापारी आणि मी असे तिघं ओसरीवर बसून त्या रुमालातली माती बघत राहिलो.